थडगी, वीरगळ आणि हिवाळ्यातला तिरपा उजेड

१/ भिवंडी म्हटले की यंत्रमागांची खडखड आणि महामार्गालगतची गोदामे डोळ्यांपुढे येतात. याच गावातून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल एवढ्या टापूत शिलाहारांपासून पोर्तुगीजांपर्यंतची मृत्युस्मारके आणि शिलालेख विखुरलेले आहेत. ते कॅमेऱ्यात टिपण्यासाठी हिवाळाच का निवडावा आणि दगडासोबत भोवतीची जमीनही का टिपावी, याविषयी हा धागा.

२/ आधी उजेडाविषयी. कोकणातला काळा पाषाण शतकानुशतकांच्या पावसाने झिजतो. अक्षरांची खोली कधी बोटाला जाणवते, पण डोळ्याला दिसत नाही. असे अक्षर वाचता येते ते त्याच्या सावलीमुळे. भिवंडी सुमारे १९.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास आणि जुलैच्या उत्तरार्धात सूर्य येथे माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र तो ऐन दुपारीही क्षितिजापासून ४७ अंशांच्या आसपासच राहतो. शिवाय पावसाळ्यातले शेवाळ तोवर वाळून गेलेले असते आणि गवतही बसलेले असते.

३/ तरीही प्रत्येक दगडाची वेळ निराळी. जमिनीवर आडव्या पडलेल्या थडग्याच्या फरशीवरची अक्षरे सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या थोड्या वेळात उठून दिसतात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उभ्या शिळेला सकाळी पूर्वेकडून घासून जाणारा उजेड मिळतो. पूर्वाभिमुख शिळेवर मात्र सकाळचे ऊन समोरून पडते आणि कोरीवकाम सपाट दिसते. तिच्यासाठी दुपार जवळ येईपर्यंत थांबावे लागते. उत्तराभिमुख दगडाला हिवाळ्यात थेट ऊन मिळतच नाही. तेथे आरशाने उजेड वळवावा, नाहीतर अंधार पडल्यावर बाजूने विजेरी धरावी.

४/ आता दगडांकडे. लढाईत पडलेल्या वीराचे स्मारक म्हणजे वीरगळ. तो खालून वर वाचायचा असतो. तळाशी युद्ध आणि वीराचा मृत्यू, त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. माथ्यावर बहुधा कलश आणि चंद्रसूर्य असतात. सतीशिळेवर कोपरात दुमडलेला, बांगड्या ल्यालेला हात दिसतो. दोन्ही प्रकारच्या दगडांवर मृताचे नाव क्वचितच आढळते.

५/ उत्तर कोकणातले सर्वांत बोलके वीरगळ आहेत बोरिवलीजवळच्या एकसर येथे. त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे आणि समुद्रातली लढाई कोरली आहे. अनेक अभ्यासक तिचा संबंध शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्या १२६५च्या सुमारास झालेल्या संघर्षाशी जोडतात. त्या संघर्षात सोमेश्वर बुडाला आणि उत्तर कोकणातले शिलाहारांचे राज्य संपले. जहाजे एवढ्या दाटीने कोरली आहेत की समोरून प्रकाश टाकून घेतलेल्या चित्रात वल्ही आणि माणसे एकमेकांत मिसळून जातात.

६/ भिवंडीजवळच्या लोनाड परिसरातला चौधरपाड्याचा दगड हे काही मृत्युस्मारक नव्हे. तो गद्धेगळ आहे. शिलाहार राजा दुसरा केशिदेव याच्या शके ११६१ मधील दानाचा लेख त्यावर आहे. गद्धेगळावर वर चंद्रसूर्य, मध्ये लेख आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेल्या शापाचे चित्र असते. चंद्रसूर्य असेपर्यंत दान टिकावे, हा त्यामागचा भाव. साक्षीला कोरलेल्या त्याच सूर्याच्या तिरप्या किरणांत हा लेख आज वाचावा लागतो.

७/ येथून वसईकडे. भिवंडीजवळचे अंजूर हे गंगाजी नाईक अंजूरकरांचे गाव. पोर्तुगीजांविरुद्धच्या मोहिमेसाठी पेशव्यांकडे तगादा लावणाऱ्यांत नाईक बंधू अग्रभागी होते. १७३७मध्ये मोहीम सुरू झाली आणि मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली. अंजूरफाट्यावरून चिंचोटीकडे जाणारा रस्ता आजही भिवंडीला वसईशी जोडतो.

८/ वसईच्या किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चच्या अवशेषांत जमिनीवर थडग्यांच्या फरशा आहेत. छप्पर कधीच गेले, त्यामुळे त्यांच्यावर थेट ऊन पडते. अशा पोर्तुगीज फरशांवरची ठरलेली भाषा साधारण अशी: ही कबर अमुकाची आणि त्याच्या वारसांची. कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहील या भरवशावर दगड घडवला गेला. १७३९मध्ये वारस निघून गेले आणि त्यांच्यासाठी राखलेली जागा तशीच राहिली. मोहिमेच्या बखरीत सापडत नाही असा पराभवाचा हा तपशील त्या फरशीवर सापडतो.

९/ येथवर आलेले सारे मृत दगड घडवून घेऊ शकणाऱ्या घरांतले किंवा राजांसाठी लढलेले. बाकीच्यांचे काय? भिवंडीच्या कब्रस्तानांत आणि गावोगावच्या दफनभूमींत बहुसंख्य कबरी मातीच्या. दोन-चार पावसाळ्यांत उंचवटा बसतो आणि काही वर्षांनी तीच जागा पुन्हा वापरात येते. ज्यांच्यात दहनाची रीत आहे, त्यांची तर राखही नदीला मिळते. मागावर आयुष्य घालवलेल्या माणसाचे नाव दगडावर शोधायला गेलेल्या कॅमेऱ्याला बहुधा रिकाम्या हाती परतावे लागते.

१०/ म्हणूनच भोवतीच्या जमिनीचे चित्र आवश्यक ठरते. थंडीत पाने गाळलेला चाफा, कामवारी नदीवरचे धुके, भाताच्या कापलेल्या खाचरांत उरलेल्या ओलीवर वाढणारा वाल, त्यापलीकडे गोदामाचा पत्रा. बिननावाच्या मृतांचे स्मारक म्हणून हाती लागते ते एवढेच. वीरगळाच्या बाबतीतही जागा महत्त्वाची. तो शिवेवर होता की तळ्याकाठी, कोणत्या दिशेला पाहत होता, हे कळले तर गावाची जुनी हद्द किंवा वाट यांचा माग लागू शकतो. मंदिराच्या आवारात आणून सिमेंटमध्ये बसवलेला दगड वाचतो खरा, पण ही माहिती गमावतो.

११/ वसईच्या किल्ल्याला केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. शेतातल्या बहुसंख्य सुट्या दगडांना असे कोणतेच संरक्षण नाही. रस्ता रुंद होतो, भराव पडतो आणि दगड नाहीसा होतो. मुंबईतले इंग्रजांचे पहिले दफनस्थान, मेंढम्स पॉइंट, अठराव्या शतकातच मिटले. त्याच्या जागी आलेल्या सोनापूरची आठवण ‘सोनापुरात जाणे’ या बोलीतल्या वाक्प्रचारात उरली. भिवंडीच्या शेतातल्या दगडांना असा वाक्प्रचारही मिळणार नाही.

१२/ टिपताना पाळायचे थोडके नियम. अक्षरे उठावीत म्हणून खडू, पीठ वा तेल लावू नये. शेंदूर खरवडू नये, तो पूजणाऱ्यांचा आहे. कब्रस्तानात आधी देखभाल करणाऱ्यांची परवानगी घ्यावी आणि शोक करणाऱ्यांकडे कॅमेरा वळवू नये. प्रत्येक दगडाची किमान तीन चित्रे घ्यावीत: अक्षरांचे जवळून, पूर्ण दगडाचे शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि शेवटी दूर जाऊन शेत, झाड, रस्ता, गोदाम यांसह.

१३/ चित्राखाली गाव, दिशा, तारीख आणि वेळ लिहावी. गावकरी त्या दगडाला ज्या नावाने ओळखतात, तेही लिहावे. दगड हलला तर तो कोठे उभा होता, हे सांगणारा पुरावा मग एवढाच असेल.