लाइन तुटली तर

विदेश संचार निगमचे इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाले, तेही मुंबईसारख्या मोजक्या महानगरांत. आपले तालुके मात्र मुंबईबाहेर: शहापूरचा कोड ०२५२७, मुरबाडचा ०२५२४. इथून मुंबईचा नंबर फिरवला की एसटीडीचे युनिट पडू लागायचे, म्हणून फाइल उतरवायची ती रात्री अकरानंतर, पाव दरात. फाइल आणण्याचा कोणता प्रोटोकॉल वेगवान, हा इथे बिलाचा प्रश्न होता.

*

विद्यार्थ्यांना परवडायचे ते शेल खाते. पडद्यावर नुसती अक्षरे. फाइल आधी एफटीपीने निगमच्या संगणकावर यायची आणि तिथून टेलिफोनच्या तारेवरून घरी आणायची. पहिला टप्पा झटपट व्हायचा. खरा वेळ दुसऱ्या टप्प्यात जायचा.

*

या दुसऱ्या टप्प्याच्या प्रोटोकॉलांपैकी वॉर्ड क्रिस्टेन्सन यांचा एक्समोडेम १९७७ चा. १२८ बाइट पाठवायचे, पलीकडून पोच येईपर्यंत थांबायचे, मग पुढचे. ९६०० च्या मोडेमवरून सेकंदाला ९६० बाइट जातात, म्हणजे एक तुकडा साधारण ०.१४ सेकंदात गेला. पोच यायला ०.२ सेकंद लागले असे धरू. मग अर्ध्याहून अधिक वेळ तार रिकामी आणि युनिट पडतच आहेत. १०० केबीची फाइल साडेचार मिनिटे घेते.

वायमोडेम १०२४ बाइटचे तुकडे पाठवतो. तीच फाइल, तीच तार, दोन मिनिटांच्या जरासे वर. झेडमोडेमला दोन मिनिटेही लागत नाहीत, कारण तो पोचेसाठी थांबतच नाही.

*

हा हिशेब कोरड्या दिवसातला. पावसाळ्यात केबलच्या जोडात पाणी शिरले की लाइनीत खरखर सुरू होते, आणि मोठा तुकडा बिघडला की तो सगळा पुन्हा पाठवावा लागतो. वायमोडेमचा वायमोडेम-जी हा प्रकार तर चूक दुरुस्तच करत नाही. एक बाइट बिघडला की सगळी फाइल रद्द. मोडेम स्वतः चुका सुधारणारा असेल तरच त्याच्या वाटेला जावे.

*

चक फोर्सबर्ग यांनी १९८६ मध्ये झेडमोडेम लिहिला तो टेलिनेट या अमेरिकन जाळ्यासाठी, जिथे पोच यायला उशीर व्हायचा. आपल्या तालुक्यांना त्यातली दुसरीच गोष्ट अधिक उपयोगी पडली. चूक झाली की घेणारा संगणक सांगतो, ‘मला अमुक बाइटपासून पुन्हा दे.’ कॉल तुटून पुन्हा लागला तरी तो हेच सांगू शकतो. म्हणजे माळशेजकडे वीज कडाडली, लाइन मेली, ८०० केबी उतरून झाले होते, तरी ते ८०० केबी वाया जात नाहीत. एक्समोडेममध्ये पहिल्या बाइटपासून सुरुवात. माझ्या मते वेगाच्या कोणत्याही तक्त्यात हा रकाना पहिला असायला हवा: तुटलेल्या कॉलनंतर हातात काय उरते?

फोर्सबर्ग यांनी हे काम सर्वांसाठी खुले ठेवले, म्हणूनच ते विंडोज ९५ च्या हायपरटर्मिनलपर्यंत पोचले. या माणसाचे ऋण मोठे आहे.

*

कोलंबिया विद्यापीठाचा कर्मिट (१९८१) सगळ्यांत हळू. तुकडे छोटे, आणि तारेला न रुचणारी चिन्हे तो बदलून पाठवतो. पण बाकी सारे अडतात तिथूनही तो पार जातो.

*

तुलना करायची तर झिप केलेल्या फाइलवर करावी. साधा मजकूर काही मोडेम वाटेत स्वतःच आवळतात, आणि मग वेग मोडेमचा असतो, नाव प्रोटोकॉलचे होते.