अ‍ॅक्टिव्हावर मावणारा अ‍ॅम्प

*स्टील गिटारसाठी अ‍ॅम्प निवडायचा म्हणजे वॉट मोजा, किलो मोजा... आणि शेवटी आपला कान तपासा!*

पहाटेचे सहा. 2022ची दिवाळी. कोथरूडमधल्या एका सोसायटीचं मैदान. समोर सिल्कच्या साड्या, कडक इस्त्रीचे कुर्ते, हवेत उटण्याचा आणि चहाचा मिक्स वास. स्टेजवर आमचा ग्रुप. तीन आयटीवाले, एक सीए, एक दातांचा डॉक्टर आणि बँकेत काम करणारी आमची गायिका. सोमवार ते शुक्रवार लॅपटॉप, शनिवार-रविवार जुनी हिंदी-मराठी गाणी. मी नेहमीप्रमाणे डाव्या कोपऱ्यात, खुर्चीवर. मांडीवर हवाईन गिटार, उजव्या पायाखाली व्हॉल्यूम पेडल आणि खुर्चीच्या मागे जमिनीवर माझा लाडका दहा वॉटचा अ‍ॅम्प.

अंतरा संपला, माझा पीस आला. मी बार सरकवला आणि...

काहीच ऐकू आलं नाही. ढोलक, ऑक्टोपॅड, बेस सगळं दणक्यात ऐकू येत होतं. मी सोडून! पेडल पूर्ण दाबलं, तर अ‍ॅम्प घसा बसल्यासारखा खरखरला. मग अंदाजपंचे वाजवलं. शेवटचा सूर मात्र स्टाइलमध्ये लांबवला. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं कौतुकाचं नव्हतं, एवढं स्टेजवरूनही कळलं.

दुपारी फराळ करता करता कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ पाहिला आणि चकली घशातच अडकली. लोकांना सगळं ऐकू आलं होतं! साउंडवाल्यानं माझ्या अ‍ॅम्पसमोर माइक लावला होता, त्यामुळे मैदानभर मीच मी होतो. स्वच्छ, मोठा आणि ठार बेसूर.

संध्याकाळी आमच्या अरेंजरदादाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग म्हणाला, "राग मानू नकोस रे, पण पुढच्या वेळी तो पीस कीबोर्डवर घेऊ या का? स्टीलचा टोन आहे त्यात."

राग नाही आला. भीती वाटली. कारण ऑर्केस्ट्रातली कितीतरी वाद्यं अशीच गेली. आधी एक पीस कीबोर्डवर, मग एक गाणं, मग खुर्चीच लागत नाही.

पहिली चूक: मोठा म्हणजे बरा

मी सरळ निष्कर्ष काढला, अ‍ॅम्प लहान पडला. मोठा पाहिजे. मामेभावाच्या रॉक बँडकडे रोलँडचा जॅझ कोरस 120 होता. 1975 साली आलेला हा अ‍ॅम्प स्वच्छ आवाजासाठी जगभर नावाजलेला आहे. दोन बारा इंची स्पीकर, 120 वॉट. आणि वजन? साधारण 28 किलो! जानेवारीतल्या एका प्रोग्रॅमसाठी तो मागून आणला. आवाज काय सांगू, सॉलिड! पण हॉल दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बिछान्यातून उठू शकलो नाही.

"सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "काय उचललं होतं?"

"गिटारचा अ‍ॅम्प."

"फ्रीज असतो का तो?"

बायको शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही. पण घरी आल्यावर तिनं अट घातली, "यापुढे जे अ‍ॅक्टिव्हावर मावेल तेच वाजवायचं." माझ्या कॉम्पॅक्ट अ‍ॅम्पच्या शोधाची सुरुवात ही अशी झाली.

काकांचा क्लास

सहा आठवडे घरी पडून काय करणार? स्पेसिफिकेशन्स वाचली. वॉट, ओहम, डेसिबल. मग जरा बरं वाटल्यावर सदाशिव पेठेत काकांकडे गेलो. काका म्हणजे माझे हवाईन गिटारचे गुरू. वय पंच्याहत्तरच्या पुढे, ऑफिसच्या ऑर्केस्ट्रात तीस वर्षं वाजवलेलं. त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि एकच प्रश्न विचारला.

"तुला तुझा आवाज येत होता का?"

"नाही ना काका, म्हणून तर मोठा अ‍ॅम्प..."

"अरे, लोकांसाठी भिंतीएवढे स्पीकर लावलेत तिथे. अ‍ॅम्प तुझ्यासाठी असतो. तुझ्या कानासाठी."

माझी ट्यूब तेव्हा पेटली. साध्या गिटारला फ्रेट असतात. बोट थोडं मागेपुढे पडलं तरी फ्रेट सांभाळून घेतो. आमच्याकडे फ्रेट नुसते आखलेले. तारेवर स्टीलचा बार तरंगतो आणि तो कुठे थांबवायचा हे कान ठरवतो. माझ्या गिटारवर बाराव्या रेषेपासून तेराव्या रेषेपर्यंतचं अंतर जेमतेम दीड सेंटिमीटर. बार दोन मिलिमीटर चुकला की पहिल्या रांगेतले आजोबा मान वर करणार! म्हणजे त्या पहाटे मी वाईट वाजवलं नव्हतं (असं मी स्वतःला सांगतो). मी आरशाशिवाय दाढी केली होती.

गंमत म्हणजे या वाद्याचं आणि अ‍ॅम्पचं नातं जन्मापासूनचं आहे. हवाईच्या जोसेफ केकुकूनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तारेवर पोलाद फिरवलं, असं मानतात. मात्र मोठ्या बँडमध्ये या गिटारचा आवाज बुडायचा. मग 1932च्या सुमारास अमेरिकेत रिकनबॅकर कंपनीची विजेवर चालणारी गिटार बाजारात आली. आकारामुळे तिला सगळे 'फ्राइंग पॅन' म्हणायचे. ती मांडीवर ठेवून वाजवायची स्टील गिटारच होती! आज रॉकवाले ज्या इलेक्ट्रिक गिटारवर उड्या मारतात, तिची थोरली बहीण आमची. लिओ फेंडरनंसुद्धा 1945च्या सुमाराला सुरुवात केली ती लॅप स्टील आणि छोटे अ‍ॅम्प बनवूनच. आपल्याकडे ताउ मो हे कलाकार 1940च्या दशकात कलकत्त्यात राहिले आणि ही गिटार तिथं रुजली. मुंबईत व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांनी ती सिनेमाच्या गाण्यांत आणली. कलकत्त्याच्या सुनील गांगुलींच्या रेकॉर्ड्स तर कितीतरी घरांत वाजल्या. काकांच्या कपाटात त्या अजून आहेत.

वॉटचा हिशोब

"मग लहानच घेतो. पाच वॉटचा," मी म्हटलं.

"घे. आणि परत खरखर ऐक," काका म्हणाले.

इथे स्टीलवाल्यांची खरी गोची आहे. तार छेडली की सूर एकदम मोठा येतो आणि लगेच विरायला लागतो. तो लांब, गायकीसारखा ठेवायचा तर सुरुवातीला पेडल अर्धंच दाबायचं आणि सूर मरत जाईल तसं हळूहळू पाय खाली न्यायचा. ऐकणाऱ्याला वाटतं सूर थांबलाय, प्रत्यक्षात पाय काम करत असतो. म्हणजे अ‍ॅम्पकडे कायम काहीतरी शिल्लक पाहिजे. पगार झाल्याझाल्या खातं रिकामं करणाऱ्यांना महिनाअखेरीस काय होतं ते आपल्याला माहीत आहेच!

दुसरी गोष्ट. रॉकवाल्याला अ‍ॅम्प फाटलेला हवा असतो. आम्हाला अजिबात नको. माझी गिटार सी सिक्स्थमध्ये लावलेली. म्हणजे सीला सा धरलं तर सा, ग, प, ध. भूपातला रे तेवढा काढून टाकला की झालं! हे सूर एकत्र छेडले आणि अ‍ॅम्प फाटला, तर सुरांच्या टकरीतून भलतेच सूर तयार होतात आणि गोड कॉर्डची खिचडी होते.

आता वॉट. दहाच्या जागी वीस वॉट घेतले की आवाज दुप्पट होतो, असं वाटतं ना? मलाही वाटायचं. प्रत्यक्षात तीनच डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. उलट तेवढ्याच वॉटवर तीन डेसिबल जास्त देणारा स्पीकर मिळाला, तर वॉट दुप्पट केल्यासारखंच. त्यामुळे नुसत्या वॉटच्या आकड्याला भुलायचं नाही. स्पीकर कोणता, केवढा, हेही बघायचं. अमेरिकेतले पेडल स्टीलवाले पंधरा इंची स्पीकर आणि दोनशे वॉटचे अ‍ॅम्प उगाच बाळगत नाहीत. पण त्यांच्याकडे पिकअप ट्रक असतो, माझ्याकडे अ‍ॅक्टिव्हा!

सुदैवानं वजनाचं गणित आता बदललंय. जुन्या अ‍ॅम्पमध्ये लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा ठोकळा असायचा. आता क्लास डी सर्किट आणि लॅपटॉपच्या चार्जरसारखा पॉवर सप्लाय असतो. तो हलका आणि कमी तापणारा. स्पीकरमध्ये नेहमीच्या चुंबकाऐवजी निओडिमियमचं चुंबक असेल तर अजून एक-दोन किलो वाचतात.

"सर, उलटी पकडलीय"

मे महिन्यात दोन शनिवार दुकानं पालथी घातली. पुण्यात आणि मुंबईत. पहिल्याच दुकानात मी स्टूल मागितलं, गिटार मांडीवर आडवी ठेवली, तर सेल्समन पोरगा हळूच म्हणाला, "सर, उलटी पकडलीय." मग अ‍ॅम्प दाखवताना त्यानं सवयीनं डिस्टॉर्शनचं बटन दाबलं. तो खूश, मी हैराण.

माझी टेस्ट तीन मिनिटांची होती. जाड तारांवर तीन सुरांची कॉर्ड, जोरात छेडायची. फाटली की अ‍ॅम्प बाद. मग सगळ्यात बारीक तार, बाराव्या रेषेवर. कानात टोचली की बाद. मग एकच सूर धरून पेडल हळूहळू खाली. शेवटी आवाज वाढायचा थांबला की बाद.

आठ इंची स्पीकरवाला एक देखणा अ‍ॅम्प पहिल्याच टेस्टला गेला. त्यात वीस अ‍ॅम्पचे आवाज होते, त्यातला मला हवा तो एकविसावा! गायक-कीबोर्डसाठीचा एक अ‍ॅम्प स्वच्छ होता, पण त्याच्या ट्वीटरमधून बार तारेवर घासल्याची खरखरसुद्धा ठणठणीत ऐकू यायची. बॅटरीवर चालणारा, दोन वॉटचा रोलँड मायक्रो क्यूब घरच्या रियाजाला मस्त, पण ढोलकशेजारी नाही. एका दुकानदारानं सांगितलं, "अ‍ॅम्प कशाला? प्रीअ‍ॅम्प घ्या, डायरेक्ट मिक्सरमध्ये." सल्ला चुकीचा नाही. पण मग माझा आवाज मला मिळणार साउंडवाल्याच्या कृपेनं, गायकाबरोबर शेअर केलेल्या मॉनिटरमधून. नको बाबा!

शेवटी सापडला. बारा इंचांचा एकच स्पीकर, पन्नास वॉट, मागे लाइन आउट आणि शेजारी ग्राउंड लिफ्टचं बटन. जनरेटरवरच्या कार्यक्रमात जी गुणगुण येते, तिच्यावर बऱ्याचदा हाच उतारा चालतो. ब्रँड मुद्दाम सांगत नाही, कारण तुमच्या कानाला कदाचित दुसराच आवडेल. किमतीत एक बरा मोबाइल आला असता. घरी येताना रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवला. साडेअकरा किलो! रद्दीवाला म्हणाला, "देताय का?"

आता जागा

अ‍ॅम्प घेतला म्हणजे काम झालं, असं नाही. काकांनी शेवटचा धडा दिला तो फुकटातला. स्पीकरमधून बारीक सूर सरळ रेषेत जातात. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवला की ते आपल्या पोटऱ्यांना ऐकू येतात, कानांना नाही. आपण तर बसून वाजवणारे. मग अ‍ॅम्प शेजारच्या खुर्चीवर ठेवायचा, तोंड आपल्या कानाकडे. लोकांकडे जाणारा आवाज लाइन आउटमधून जाईल. मी एक जादा खुर्ची मागितली की आयोजक आता विचारतात, "पाहुणे आहेत का कुणी?"

2023ची दिवाळी पहाट. तेच मैदान. अ‍ॅम्प अ‍ॅक्टिव्हाच्या फुटबोर्डवर, गिटार पाठीवर, पाय जरा फाकवून बसलो होतो, पण पोचलो. अरेंजरदादानं मोठ्या मुश्किलीनं एक गाणं मला दिलं होतं. कीबोर्डवाल्याला "तयार राहा" असंही सांगून ठेवलं होतं. मी ऐकलं होतं ते.

पीस आला. बार सरकवला, सूर किंचित चढा लागला. एका केसाएवढा. पण यावेळी तो मला ऐकू आला! हात आपोआप मागे आला, सूर जागेवर बसला, पाय हळूहळू खाली गेला. पेडल पूर्ण दाबलंच नाही. अजून थोडी जागा उरली होती.

पहिल्या रांगेतले आजोबा यंदाही आले होते. त्यांनी मान वर केली नाही. चहा पीत राहिले.

पुढच्या प्रोग्रॅमच्या यादीत माझ्या नावापुढे तीन गाणी आहेत. आणि एक जादा खुर्ची.