गोठ्यापर्यंतची रेंज

रत्नागिरीकडच्या आमच्या घरात फायबरची तार आली, ती ओटीवर येऊन थांबली. राउटर तिथेच, बाबांच्या फोटोखाली बसवला. ओटीवर व्हिडिओ कॉल स्वच्छ, माजघरात अडखळत, मागच्या पडवीत नुसतं चक्र फिरत राहायचं. गोठ्यात तर काहीच नाही. गोठा पडवीपासून चाळीसेक पावलांवर. गुरं कधीच गेली. आता तिथे आईची लाकडं, नारळ आणि विहिरीच्या पंपाचं बटण.

गेल्या श्रावणात आई तिथेच घसरली. पाय मुरगळला, एवढंच. पण तासभर ती बसून होती. हातात फोन होता, त्याचा उपयोग नव्हता. आमचं घर उताराखाली, मोबाइलला रेंज मिळते ती वरच्या रस्त्यावर. पावसाच्या आवाजात हाक कुणाला ऐकू जाणार? पाऊस ओसरल्यावर भिंतीला धरून धरून ती घरात आली. मला हे चार दिवसांनी कळलं, तेही रस्त्यावरच्या काकूंकडून. आईचं म्हणणं, "तुला सांगून तू काय पुण्याहून उचलणार होतास?"

मी पुढच्याच शनिवारी एक रिपीटर आणि एक कॅमेरा घेऊन गावी गेलो. रिपीटर थेट गोठ्यात लावला. जिथे रेंज नाही तिथे रेंज देणारं यंत्र ठेवायचं, असा माझा सरळ हिशोब. पण रिपीटर स्वतः काही तयार करत नाही. त्याला जे ऐकू येतं तेच तो पुढे सांगतो. त्यालाच ऐकू आलं नाही तर तो सांगणार काय? मग तो माजघरात, अर्ध्या वाटेवर आणला. गोठ्यात फोनवर काड्या दिसू लागल्या, तरी बोलणं तुटायचं. राउटर मोठ्याने बोलतो, ते फोनला ऐकू येतं. पण फोनचा बारीक आवाज तेवढ्या लांबून परत पोचत नाही.

त्यात आमच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, हातभर जाड. पावसाळ्यात त्या पाणी पितात, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपाशीच दमतो. २.४ चा संथ, पण जरा लांब जातो. म्हणून तो निवडला. शेवटी ओटीपासून मागच्या पडवीपर्यंत वाशांवरून केबल नेली आणि गोठ्याकडच्या खिडकीत दुसरं यंत्र बसवलं. भिंतीतून जायचं काम तारेने केलं, उरलेलं मोकळ्या हवेतून. अशी केबल शंभर मीटरपर्यंत चालते, तेव्हा ती गोठ्यापर्यंतही गेली असती. पण आमच्याकडे विजा पडतात. उघड्यावरून तांब्याची तार न्यायचं धाडस केलं नाही.

मग मी कॅमेरा काढला. आई नारळ सोलत होती.

"हा बघणार कोण?"

"मी."

"कधी?"

सकाळी नऊ ते रात्री आठ मी कामात असतो. पंप ती सात वाजता लावते, तेव्हा मी मुलीला शाळेच्या बसवर सोडायला गेलेला असतो. मी गप्प राहिलो.

"पडल्ये तर मला हाक मारता आली पाहिजे," ती म्हणाली. "दिसून काय करू?"

कॅमेरा खोक्यासकट पुण्याला परत आला. आता आई संध्याकाळी पडवीच्या पायरीवर बसून मावशीशी तासभर बोलते. काय बोलतात ते ओटीवर ऐकू येत नाही, हे तिला विशेष आवडलेलं दिसतं. गोठ्यात जाताना फोन पदराला गुंडाळून कमरेला खोचते. एकदा तिने तिथून मला फोन केला, फक्त लागतो का बघायला.

मात्र ढग गडगडले की ती दोन्ही यंत्रांचे प्लग काढून ठेवते. ते बरोबरच आहे. पण म्हणजे नेमकं वादळाच्या रात्री घर पुन्हा रेंजबाहेर. तेव्हा मी काकूंना फोन लावतो. त्या टॉर्च घेऊन उतार उतरतात. अर्ध्या तासाने त्यांचा फोन येतो, "जेवत्ये ती. तूही जेव."