डोळ्यांचा श्वास

डोळ्यालाही श्वास घ्यावा लागतो, हे आम्हा दोघी जावांना कळले ते धाकट्या नणंदेच्या लग्नघरात. त्याआधी डोळ्यांबद्दलची आमची माहिती चारचौघींसारखीच होती. गाजर खावे, झोपताना सुरमा घालावा, मुलांनी अंधारात मोबाईल पाहू नये, म्हातारपणी मोतीबिंदू झाला तर ऑपरेशन करावे. यापलीकडे विचार करण्याची वेळ आली नव्हती.

मेहंदीच्या आदल्या दिवशी नणंदेने बाजारातून रंगीत लेन्स आणल्या. तपासणी नाही, चिठ्ठी नाही. बांगड्या आणि नेलपॉलिशच्या शेजारी मांडलेली डबी. मेहंदीच्या रात्री दोन्ही हात रंगलेले, घर पाहुण्यांनी भरलेले, लेन्स काढणार कोण? ती तशीच झोपली. फजरच्या वेळी उठली तेव्हा डोळे लालभडक, उजेड सोसवेना आणि दिव्याभोवती रंगीत कडे दिसू लागले. “भाभी, सगळं धुक्यातून बघितल्यासारखं दिसतंय,” ती म्हणाली तेव्हा आमच्या काळजात धस्स झाले. अम्मी म्हणाल्या, गुलाबपाणी घालू या. आम्ही मात्र तिला रिक्षात बसवून थेट डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले.

बाईंनी लेन्स काढल्या, यंत्रातून बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “रात्रभर डोळ्यांचं नाक दाबून ठेवलंत. हवा मिळाली नाही म्हणून सूज आलीय. वरचा थर एका जागी खरवडलाही गेलाय. तिथं जंतू शिरले असते तर कायमचा डाग राहिला असता.” थेंब लिहून दिले, रोज दाखवायला बोलावले. निकाहच्या फोटोंत नणंद काळ्या चष्म्यात आहे. सासरच्या मंडळींनी ते हसून घेतले, ही त्यांची शराफत. पाचव्या दिवशी नजर स्वच्छ झाली.

डोळ्याला नाक कुठून आले, हे त्या रोजच्या फेऱ्यांत आम्ही बाईंना विचारून घेतले. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे चित्र काढून समजावले.

हात, पाय, यकृत, मेंदू, प्रत्येकाला प्राणवायू पोचवते ते रक्त. डोळ्याच्या दर्शनी भागावर, काळ्या बुबुळासमोर, एक पारदर्शक काच असते. तिला कॉर्निया म्हणतात. जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. या काचेत एकही रक्तवाहिनी नसते. असती तर जगाकडे लाल जाळीतून पाहावे लागले असते. मग ती जिवंत कशी राहते? साखर आणि इतर पोषण तिला आतल्या बाजूच्या पाण्यातून मिळते आणि प्राणवायू मुख्यतः थेट बाहेरच्या हवेतून. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. तो आधी डोळ्यावरच्या अश्रूंच्या पातळ थरात विरघळतो आणि तिथून काचेत झिरपतो. फुप्फुसांची मदत न घेता हवेतून श्वास घेणारा असा भाग आपल्या शरीरात क्वचितच असेल.

आम्ही लगेच विचारले, मग झोपेत काय? तेव्हा तर डोळे मिटलेले असतात. त्याचीही सोय आहे. पापणीच्या आतल्या गुलाबी अस्तरात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. मिटलेल्या डोळ्याला प्राणवायू तिथून मिळतो. पण तो उघड्या डोळ्याला मिळतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच. तेवढ्यात काच कशीबशी भागवते. निरोगी माणसाचीही कॉर्निया रात्रीतून तीन-चार टक्के सुजते आणि सकाळी डोळे उघडल्यावर थोड्या वेळात पूर्ववत होते. आधीच तुटपुंजा असलेला हा पुरवठा. त्यात पापणी आणि काच यांच्यामध्ये प्लास्टिकचा तुकडा आला, की काय होणार ते नणंदेच्या डोळ्यांनी दाखवलेच. असे महिनोन् महिने चालले तर हवेला आसुसलेल्या काचेत कडेने रक्तवाहिन्या शिरू लागतात. शरीर आपल्या परीने मदतच पाठवते, पण त्या मदतीनेच काचेचा स्वच्छपणा जातो.

लेन्स वाईटच असते असे मात्र नाही. सुरुवातीच्या कडक लेन्समधून हवा जवळजवळ जातच नसे. १९६१ च्या नाताळात प्रागमधल्या ओटो विख्तर्ले या रसायनशास्त्रज्ञाने राहत्या घरी, मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून मऊ लेन्स तयार केल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉन मिसळलेल्या लेन्स आल्या. त्यांतून प्राणवायू खूपच जास्त जातो. डॉक्टरांनी माप घेऊन दिलेली लेन्स दिवसा वापरावी आणि झोपण्यापूर्वी काढावी. लेन्स घालून झोपणाऱ्यांना डोळ्याच्या जंतुसंसर्गाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. आमच्या घरांसाठी आणखी एक गोष्ट बाईंनी मुद्दाम सांगितली. नळाच्या आणि विहिरीच्या पाण्यात एक सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सखाली अडकला तर काचेला फार चिवट जखम करतो. म्हणून वजू करताना लेन्स असेल तर डोळे घट्ट मिटून चेहरा धुवावा, लेन्सला हात लावायचा तो साबणाने धुऊन कोरडा केलेला, आणि लेन्स पाण्याने कधीच धुऊ नये.

प्राणवायू अश्रूंतून जातो म्हटल्यावर अश्रूंची किंमतही कळली. आम्हाला वाटे, अश्रू म्हणजे खारे पाणी. त्यात खाली चिकट थर असतो, मध्ये पाणी आणि वर तेलाचा तवंग. हे तेल पापणीच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येते आणि पाणी उडून जाऊ देत नाही. दर पापणीसरशी हा थर नव्याने सारवला जातो. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. मोबाईल पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. रमजानमध्ये रात्री उशिरापर्यंत तिलावत करणाऱ्यांचेही डोळे चुरचुरतात, कारण मन लावून वाचतानाही पापणी हलायची विसरते. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे, हा उपाय फुकटचा आहे.

आता सुरम्याचे. अम्मींची पितळेची सुरमेदानी त्यांच्या माहेराहून आलेली. तिच्याबद्दल बोलणे म्हणजे नाजूक काम. सुरम्याला अरबीत कुह्ल म्हणतात आणि त्यावरूनच डोळ्यांच्या वैद्याला कह्हाल हे नाव पडले. सुमारे हजार वर्षांपूर्वी बगदादमध्ये अली इब्न ईसा अल-कह्हाल याने डोळ्यांच्या आजारांवर लिहिलेला ग्रंथ पुढे कित्येक शतके वैद्यांच्या हाती होता. म्हणजे डोळ्यांच्या इलाजाचा हा वारसा मोठा आहे. पण आज बाजारात सुरमा म्हणून मिळणारी बरीचशी पूड शिसे असलेल्या दगडाची असते आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक. शिवाय एकच सलाई घरभर फिरली, की एकाच्या डोळ्यातले जंतू दुसऱ्याच्या डोळ्यात. खुपऱ्याही अशाच पसरतात. हे ऐकल्यावर अम्मींनी नातवंडांच्या डोळ्यांना सलाई लावणे बंद केले. स्वतःच्या डोळ्यांत मात्र त्या जुम्म्याला सुरमा घालतातच. त्यावर आम्ही दोघी गप्प बसतो.

इथवर झाली ती डोळ्याच्या खिडकीची गोष्ट. डोळ्याच्या मागच्या भिंतीवर पडदा असतो आणि त्याचा स्वभाव अगदी उलट. हा पडदा प्राणवायूचा भलताच भुकेला. वजनाच्या मानाने इतका प्राणवायू खाणारे अवयव शरीरात फार थोडे. त्याला दोन बाजूंनी रक्त येते. आतल्या थरांना पडद्यावरून पसरलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशींना पडद्यामागच्या रक्ताने भरलेल्या अस्तरातून. गंमत अशी, की या पेशी उजेडापेक्षा अंधारात जास्त प्राणवायू वापरतात. या पडद्याची मुख्य रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली, तर एका डोळ्याची नजर अचानक जाते आणि दुखत मात्र काहीच नाही. दुखत नाही म्हणून लोक सकाळपर्यंत थांबतात. पडदा तोवर थांबत नाही; काही तासांतच तो कायमचा निकामी होतो. अशा वेळी झटका आलेल्या माणसाला नेतो तसे तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे.

कमी प्राणवायू वाईट, मग जास्त दिला तर चांगले? तसेही नाही. १९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचेच्या पेटीत भरपूर प्राणवायू दिला जाऊ लागला आणि प्रगत देशांत हजारो मुले आंधळी झाली. पडद्यावरच्या वाढत्या रक्तवाहिन्या जादा प्राणवायूने आधी थबकतात आणि नंतर वेड्यावाकड्या फुटतात, हे १९५० च्या दशकात सिद्ध झाले. आज प्राणवायू मोजून देतात, तरी धोका उरतोच. म्हणून आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून महिन्याच्या आत तपासावा असे सांगतात. बाळ काचेतून घरी आले या आनंदात ही तपासणी राहून जाते. कुणाच्या घरी असे बाळ असेल तर डॉक्टरांना आपण होऊन विचारावे.

पडद्याचे हे सारे ऐकताना आम्हा दोघींच्या मनात अब्बांचेच नाव होते. चौदा वर्षांची शुगर, तरी पडदा कधी तपासलेला नाही. अब्बा शिंपी. “अजून एका झटक्यात सुईत दोरा ओवतो, मला काय झालंय?” हे त्यांचे ठरलेले उत्तर. नणंद सासरी गेल्यावर आठवड्याभरात आम्ही त्यांना घेऊन गेलो. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, अर्धा तास बसवले आणि पडद्याचे फोटो काढले. कडेच्या भागातल्या बारीक वाहिन्या ठिकठिकाणी बंद पडल्या होत्या. उपाशी पडद्याने नव्या वाहिन्या फोडायला सुरुवात केली होती. त्या कच्च्या असतात, फुटल्या की डोळ्यात रक्त साचते. मधला भाग अजून शाबूत होता, म्हणून तर दोरा ओवता येत होता.

बाईंनी लेसर सुचवले. कडेच्या पडद्यावर शेकडो बारीक चटके द्यायचे. अब्बांना हे पटेना. पडदा वाचवायला पडदाच जाळायचा? बाई म्हणाल्या, “पाणी कमी असलं की शेतकरी कडेच्या ओळी उपटून मधलं पीक वाचवतो ना? खाणारी तोंडं कमी झाली की उरलेल्यांना प्राणवायू पुरतो.” अब्बा थोडा वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे उसवत चाललेल्या कापडाची कड कापून टाकतो, तसं.” बाई हसल्या आणि हो म्हणाल्या. लेसरने रात्रीचे आणि बाजूचे थोडे कमी दिसेल, हेही त्यांनी आधीच सांगितले.

दोन्ही डोळ्यांचे लेसर तीन खेपांत झाले. शुगर आणि बीपीच्या गोळ्या आता आमच्या ताब्यात आहेत. अब्बा दुकानात जातात, अंधार पडायच्या आत परततात आणि सायकल त्यांनी नातवाला देऊन टाकली आहे. पुढची तपासणी चार महिन्यांनी आहे. तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे. थेंबांनी डोळे दिपतात आणि काही तास जवळचे नीट दिसत नाही, त्यामुळे त्या दिवशी दुकान बंद ठेवायचे आणि आमच्यापैकी एकीने सोबत जायचे, असे ठरले आहे. नणंदेचा तो काळा चष्मा अब्बांनी आत्ताच मागून ठेवला आहे.