ही फेरी कुणासाठी?

घरातलं जनावर आजारी असेल तर त्याला जितक्या वेळा डॉक्टरकडे नेलं तितकी काळजी चांगली घेतली, असं मी बरीच वर्षं ठामपणे मानत आलो. कुणी "बघू, एखादा दिवस थांबू" म्हणालं की मला ते माणूस निष्ठुर वाटायचं. आज पुष्कळदा तेच वाक्य मी बोलतो. मत पालटलं ते एका फटक्यात नाही. माझा जन्म दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेला. कागद बघितल्याशिवाय मी घरच्यांचंही ऐकत नाही. इथे कागद माझ्याच हातात होते. ते नीट वाचत गेलो आणि माझ्या बाजूचं फारसं काही उरलं नाही.

आम्ही परळचे. इथे टॅक्सीवाल्याला 'बैलघोडा' एवढंच सांगितलं तरी तो जनावरांच्या इस्पितळाच्या फाटकाशी आणून सोडतो. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं हे इस्पितळ १८८०च्या दशकातलं. तेव्हा मुंबईचा माल बैल वाहायचे आणि ट्रामसुद्धा घोडे ओढायचे. त्या जनावरांच्या आजाराला एक रोखठोक माप होतं: ते उभं राहून गाडी ओढतंय की नाही. आमच्या तात्याला असलं कुठलंच काम नाही. तो दिवसाचा मोठा भाग झोपून काढतो, आणि मांजर आजारी असलं तरी झोपतं, धडधाकट असलं तरी झोपतं. मग त्याचं बरं चाललंय हे मी ओळखायचं कशावरून? म्हणून मला आकडे लागायचे, आणि आकडे दवाखान्यात मिळायचे.

तात्या हा आमचा बोका. मुलीनं कॉलेजात असताना आणला. पुढे ती नोकरीसाठी बेंगळुरूला गेली आणि तात्या आमच्याकडे राहिला. म्हातारपणी तो पाणी फार प्यायला लागला, अंगानं उतरला. तपासणीत मूत्रपिंडं थकल्याचं निघालं. उतारवयातल्या मांजरांत हा आजार सर्रास आढळतो. त्यातली लबाडी अशी की रक्तातलं क्रिएटिनीन हद्दीबाहेर जातं तोवर मूत्रपिंडांचं सुमारे तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं. त्यापुढे पायऱ्या आहेत: १.६ पासून दुसरी, २.९ पासून तिसरी, ५च्या वर चौथी. पायऱ्या म्हटल्यावर माझ्यासारख्याला आणखी काय हवं? मी एक्सेलची शीट उघडली, आलेख काढला, धोक्याच्या जागी लाल रेघ मारली. बायको म्हणाली, "अहो, पोरीचं प्रगतिपुस्तक तुम्ही कधी इतकं बघितलं नव्हतंत."

मग रिवाजच पडला. तात्यानं सकाळची वाटी अर्धी ठेवली की फेरी. ओकला की फेरी. टोपली दिसताच तो पलंगाखाली भिंतीला चिकटून बसायचा. त्याला ओढून काढायचं, टोपलीत कोंबायचं, टॅक्सीत त्याचं ओरडणं आणि ड्रायव्हरचे प्रश्न एकत्र ऐकायचे, दवाखान्यात भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या ओळीत नंबरची वाट बघायची, मग पायावरचे केस कातरून रक्त. घरी आल्यावर तो रात्रीपर्यंत अन्नाला तोंड लावायचा नाही, आणि तो जेवत नाही म्हणून मला पुन्हा घोर. आकडा जरा खाली आलेला असला तर एकदोन रात्री मला शांत झोप लागायची. वर गेलेला असला तर मी पुढची तारीख आणखी अलीकडची मागायचो.

पहिला तडा साखरेनं दिला. एका तपासणीत रक्तातली साखर चांगलीच चढलेली निघाली. मूत्रपिंडांच्या जोडीला आता मधुमेह, असं धरून मी मनातल्या मनात इन्सुलिनच्या वेळासुद्धा लावून टाकल्या. आमच्या डॉक्टर वयानं तरुण आहेत, मला काका म्हणतात. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "काका, ही साखर तात्याची नाही, टॅक्सीची आहे." मांजर घाबरलं की त्याच्या रक्तातली साखर इतकी चढू शकते की मधुमेहच वाटावा. रक्तदाबाचंही तेच. म्हणून अशा एका आकड्यावर निदान करत नाहीत. फ्रुक्टोसामीन नावाची वेगळी तपासणी असते. ती त्या घडीची साखर न सांगता मागच्या आठवड्या-दोन आठवड्यांची सरासरी सांगते. ती केली आणि तिच्यात काही निघालं नाही.

मधुमेह टळला म्हणून घरात पेढे वाटायचेच बाकी होते. मी मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडलो होतो. आमच्या धंद्यात तपासनीस दारात आल्यानंच खात्यातली शिल्लक बदलत असेल, तर त्या तपासणीखाली कुणी सही करणार नाही. इथे मी वर्षानुवर्षं सह्या करत होतो.

त्यानंतर मी तपासणीसाठी फोन केला की डॉक्टर एकच प्रश्न विचारू लागल्या, "काका, जो आकडा येईल त्यावरून आपण काही बदलणार आहोत का?" बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असायचं. मूत्रपिंडांसाठीचं खाणं चालू होतं, सलाईन चालू होतं, मळमळीची गोळी चालू होती. क्रिएटिनीन ३.१ येवो की ३.३, तात्याच्या वाटीत आणि औषधात फरक पडणार नव्हता. फरक पडणार होता तो माझ्या रात्रीत. एवढं उघड झाल्यावर मान्य करणं भाग होतं: रक्त त्याचं निघत होतं आणि उपचार माझ्या काळजीवर चालले होते.

याचा अर्थ तपासण्या वाईट, असा नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या लॅब्रेडॉरला गोचिडांमुळे ताप आला. एर्लिकिया नावाच्या जंतूचा हा ताप. त्यात प्लेटलेट्स घसरतात, डॉक्सिसायक्लिन सुमारे चार आठवडे द्यावं लागतं, आणि मधल्या काळात रक्त पुन्हा बघावं लागतं, कारण प्लेटलेट्स किती आहेत त्यावर डॉक्टर पुढचं ठरवतात. त्या कुत्र्याची प्रत्येक फेरी त्याच्याच कामाची होती. म्हणजे फेऱ्या किती झाल्या याला अर्थ नाही. फेरीनंतर कुणाचं काय बदलतं, याला आहे.

मग काळजीचं काय करायचं? ती खोटी आहे असं मला कधीच वाटलं नाही. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ मेरी बेथ स्पिट्झनागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरात माणूस आजारी असला की सांभाळणाऱ्यावर किती भार पडतो हे मोजायची एक प्रश्नावली आहे. तिच्याच आधारानं त्यांनी पाळीव प्राणी सांभाळणाऱ्यांचा भार मोजला. ज्यांचा प्राणी दीर्घ आजारी होता त्यांच्यात भार, ताण, चिंता आणि खिन्नतेची लक्षणं जास्त निघाली. "मांजरासाठी एवढं काय रे" म्हणणाऱ्या मेहुण्यापुढे ठेवायला मला हा चांगला पुरावा मिळाला. पण तो पुरावा माझ्यावरही उलटतो. हा भार माझा असेल तर त्याचं औषध तात्याच्या शिरेतून जाऊन भागणार नाही.

म्हणून मी काळजीला घरातच कामाला लावलं. दर रविवारी बाळाच्या काट्यावर तात्याचं वजन करतो. या आजारात निदान होण्याच्या जवळजवळ तीन वर्षं आधीपासून मांजरांचं वजन उतरू लागतं, असं संशोधकांना आढळलं आहे. शिवाय वजन टॅक्सीमुळे बदलत नाही, त्यामुळे हा आकडा माझ्या विश्वासातला. तो गाढ झोपेत असताना श्वास मोजतो. मिनिटाला तिसाच्या आत असले की गप्प बसतो, सतत वर दिसले तर फोन करतो. दुखतंय का, हे चेहऱ्यावरून बघायलाही शिकलो. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये त्यासाठी एक मोजपट्टी तयार केली: कान, डोळे, नाकातोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, आणि दहापैकी चार किंवा त्याहून जास्त झाले की वेदनाशामक हवं असं समजायचं, अर्थात डॉक्टरांना विचारून. मांजराला पॅरासिटामॉल तर विषच. त्याच्या यकृताला ते निकामी करता येत नाही आणि माणसाची एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

सलाईनही घरीच देतो. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून तिच्याखाली सुई घालायची. बाटली बायको धरते. डॉक्टरांनी शिकवलं तेव्हा तात्यापेक्षा मीच जास्त थरथरत होतो. आता पाणी आत जाईपर्यंत तो बशीतलं चिकन चाटत असतो आणि संपलं की आमच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आणि जेव्हा जायचंच असतं तेव्हा नीट तयारीनं जातो. टोपली माळ्यावरून उतरली ती हॉलमध्ये कायम उघडी पडून आहे. आत जुना टॉवेल, त्यावर तात्या दुपारचा झोपतो. निघण्याआधी दोन-तीन तास त्याला गॅबापेंटिन देतो. प्रवासात आणि तपासणीत मांजरांचा ताण त्यानं कमी होतो, हे २०१७च्या एका अभ्यासात दिसलं होतं. मूत्रपिंडं थकलेल्या मांजराला मात्र ते बेतानं द्यावं लागतं, म्हणून मात्रा डॉक्टरांनी ठरवलेलीच. टोपलीवर चादर टाकायची, नंबर येईपर्यंत बाहेर टॅक्सीतच बसायचं. टॅक्सीवाल्याला थोडे पैसे जास्त पडतात, तात्याला कुत्री दिसत नाहीत.

हे ऐकून कुणी दवाखाना टाळायची सबब शोधू नये. बोका पुन्हा पुन्हा कुंथतोय आणि लघवीचा थेंब येत नाही, तर तो एकदोन दिवसांत दगावू शकतो. मांजर तोंड उघडं टाकून श्वास घेतंय, मागचे पाय अचानक लुळे पडलेत, किंवा दोन दिवस अन्न शिवलेलंच नाही (जाड मांजराच्या यकृतात अशा उपासानं चरबी साठते), तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघायचं. तिथे 'आकड्यानं काय बदलणार' हा प्रश्न मी विचारणार नाही, कारण तिथे सगळंच बदलू शकतं. अशी चार-पाच लक्षणं फ्रिजवर चिकटवून ठेवल्यापासून बाकीच्या बारीकसारीक गोष्टींना घाबरणं बरंच उतरलं.

एक मत अजून पूर्ण पालटलेलं नाही, ते पालटण्याच्या वाटेवर आहे. इंजेक्शन देऊन जनावराला शांत करणं म्हणजे आपण सेवेला कंटाळलो, असं मी म्हणत असे. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी २००४ साली सात बाबींची एक पट्टी मांडली: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकी दहा गुण. एकूण ३५च्या वर असेल तर जगणं बरं चाललंय असं समजायचं. बायको आणि मी ही पट्टी वेगवेगळी भरतो आणि मग कागद जुळवतो. आनंदाच्या रकान्यात तिचे गुण माझ्यापेक्षा नेहमी कमी असतात. तिचं म्हणणं, खिडकीत कबूतर आलं की तो उठतो का, एवढंच बघा. मी कान हलला तरी गुण देतो. आज दोघांचीही बेरीज ३५च्या पुष्कळ वर आहे. ती खाली येईल तेव्हा मी कुणासाठी दिवस वाढवत असेन, हे विचारायचं मी बायकोवर सोपवलं आहे. माझे गुण सैल पडतात हे तिला पक्कं ठाऊक आहे.

मुलीला हे सगळं पटलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर ती पहिल्यांदा रिपोर्ट मागते. "बाबा, तुम्ही आळस करताय की पैसे वाचवताय?" असंही तिनं विचारून घेतलं. मी वाद घालत नाही. लांब असलेल्या माणसाला हातात धरायला आकड्याशिवाय दुसरं काय असतं? मी तिला रविवारचं वजन कळवतो आणि श्वासाचा व्हिडिओ पाठवतो.

आणि माझी काळजी काही संपलेली नाही. ती फार चढली की मी अजूनही दवाखान्यात जातो, पण एकटा. तात्या घरी टोपलीत झोपलेला असतो. मी फोनवरचे व्हिडिओ दाखवतो, वजनाची वही पुढे करतो, मनातलं सगळं विचारून घेतो आणि डॉक्टरांची पूर्ण फी देतो. केसपेपरवर रुग्ण म्हणून नाव तात्याचंच पडतं. मी एकदा ती नोंद चुकीची असल्याचं निदर्शनास आणून दिलं, तर डॉक्टर म्हणाल्या, "राहू द्या काका, तुमचं वजन करायला आमच्याकडे तेवढा मोठा काटा आहे, पण तुम्हाला औषध लिहायचा परवाना नाही."