सागाची शंभर रोपे

नोकरीच्या सुरुवातीला सांगोल्याकडच्या एका शेतकऱ्याला मी बांधावर सागाची शंभर रोपे लावायला लावली. रान मुरमाड, हातभर खाली कातळ. घरच्या बायकांनी घागरींनी पाणी घातले. पुढच्या मृगापर्यंत दोनच रोपे जगली. "साहेब, ते झाड आपल्या रानाचं नव्हतं," एवढेच तो म्हणाला. चूक माझी होती. सागाला खोल, निचऱ्याची जमीन आणि भरपूर पाऊस हवा. आलापल्लीच्या जंगलात तो उगीच नाही वाढत.

त्यानंतर प्रवासात झाडे पाहायची सवयच लागली. तुम्हीही कधी एसटीने सोलापूरहून महाडला जा आणि खिडकीशी बसा. पंढरपूरपर्यंत काळ्या रानात बाभळी दिसतील. म्हसवड-दहिवडीकडे माळ उघडा पडतो. हिवर, बोर, निवडुंग. साताऱ्यात रस्त्याला वड आणि आंबे. महाबळेश्वरला जांभूळ नि हिरडा इतका दाट, की ऊन खाली पोचत नाही. घाट उतरला की फणस आणि काजू. एका दिवसात एवढा पालट! कारण पावसाचे ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्याकडे जेमतेम साडेपाचशे.

म्हणून आपली झाडे हुशार असतात. बोरीचेच पाहा. उन्हाळ्यात पाने टाकून ती गप्प झोपते, पावसात फुटते आणि थंडीत फळ देते. पाणी नसते तेव्हा मागतच नाही. भारी जमिनीच्या बांधाला रामकाठी बाभूळ लावा. ती सरळ वर जाते, ज्वारीवर सावली फार धरत नाही, आणि औताला लाकूड मिळते. कडुनिंबाचे तर सांगायलाच नको.

मात्र सगळाच माळ झाडांनी भरायचा नसतो. नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, ते गवताचे. त्या पक्ष्याला मोकळे रान लागते. गवत असलेल्या माळाला पडीक म्हणू नका. आपल्या शेळ्यामेंढ्या त्यावरच जगतात.

त्या शेतकऱ्याच्या बांधावर आता बोरी आहेत. संक्रांतीला नातवाच्या हाती तो मला पिशवीभर बोरे धाडतो. सागाची ती दोन झाडेही आहेत, विहिरीजवळ. तीस वर्षांत माझ्या मनगटाएवढी झाली आहेत.