उसनी झोंप

झोंप हें फुकट मिळणारें सुख आहे, अशी आमची पन्नाशी उलटेपर्यंत समजूत होती. देवरुखास शेवटची एस्. टी. गेली कीं रातकिड्यांवांचून दुसरा आवाज नसतो. त्यामुळें ती समजूत तपासून पाहण्याचा प्रसंगच आला नाहीं. तो आला गेल्या हिवाळ्यांत, कन्येला फ्रँकफुर्टच्या विमानांत बसवून देण्यासाठीं मुंबईस गेलों तेव्हां.

विमान रात्रीं अडीचला सुटावयाचें होतें. अशा अवेळीं कां, असें आम्हीं विचारिलें, तेव्हां कन्येनें बोटांवर हिशेब मांडला. हिवाळ्यांत जर्मनीचें घड्याळ आपल्यामागें साडेचार तास. प्रवास सुमारें नऊ तासांचा. रात्रीं नऊला निघालेलें विमान तेथें दीडला पोंचणार, आणि त्या वेळीं तेथील दार बंद! २०११ च्या ऑक्टोबरपासून फ्रँकफुर्टला रात्रीं अकरा ते पहाटे पांच नियमित विमानांची ये-जा मना आहे. २०१२ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानेंही ही मनाई उचलून धरिली. सिडनीस तर १९९५ पासून त्यासाठीं स्वतंत्र कायदाच आहे. पुढचीं विमानें सकाळीं गांठतां यावींत, हेंही अपरात्रीं निघण्याचें एक कारण खरें. पण लोकांच्या झोंपेवर कायद्याचा पहारा असतो, हें ऐकून आमच्यांतला सुशिक्षित गृहस्थ सुखावला.

त्या रात्रीं आम्ही कुर्ल्यास, जरीमरीच्या वस्तींत, भाच्याच्या बिऱ्हाडीं उतरलों होतों. धांवपट्टी अगदीं जवळ. भाचा विमानतळावरच सामान चढविण्याच्या कामास. त्या दिवशीं त्याची रात्रपाळी होती. विमान उडालें कीं फळीवरचीं भांडीं थरथरत आणि सहा महिन्यांचें तान्हें दचके. सूनबाई त्याला थोपटी.

"रोज असेंच चालतें?" आम्हीं विचारिलें.

"मामा, आतां माझी झोंपसुद्धां मोडत नाहीं. हात आपला आपण थोपटतो," ती म्हणाली.

मुंबईस रात्रीची बंदी नाहीं. पुण्यास २०२०-२१ मध्यें रात्रीं आठ ते सकाळीं आठ विमानें बंद होतीं, तीं धांवपट्टीच्या दुरुस्तीसाठीं! आमच्याकडे विश्रांति डांबराला मिळाली, शेजाऱ्याला नव्हे. मग मुंबईंतही बंदी घालावी काय? म्हणणें सोपें आहे. पण तसें झाल्यास भाच्याच्या रात्रपाळीचें काय, हा प्रश्न आमच्या जिभेवर आलेलें उत्तर परत गिळावयास लावतो. शिवाय कन्येचें विमान वेळेवर सुटावें म्हणून त्या रात्रीं देवाला हात जोडणारे आम्हीच होतों.

एवढें मात्र कळलें कीं, एका गांवची रात्र राखावयाची तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी रात्रींतून काढून घ्यावी लागते. आणि ज्याच्याकडून घेतली त्याला कोणी विचारलेलें नसतें.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं कन्येचा निरोप आला : "पोंचलें. येथें सारें कसें शांत आहे!" आम्हांस आनंद झाला. पण देवरुखास परतल्यावर त्या रात्रीं रातकिडे ऐकत आम्ही बराच वेळ जागे होतों. तें तान्हें त्या वेळीं कितव्यांदा दचकलें असेल, हा हिशेब कांहीं सुटेना.